हवा लागू न देता

अट एकच आहे: कशालाही हात लावायचा नाही. काचेच्या नळ्या दिसतील, तोट्या दिसतील, एखादी तोटी जरा सैल वाटेल. तरी हात खिशातच ठेवा. तुम्ही पाहायला आला आहात.

साल १९५३, ऑक्टोबर सरत आलेला. गाव म्युलहाइम, रूर नदीच्या काठचं. हा जर्मनीचा कोळशाचा पट्टा. धुरांड्यांतली काजळी खिडक्यांच्या चौकटींवर बसते आणि थंडीतला ओलावा तिला तिथेच चिकटवून ठेवतो. तुम्ही उभे आहात ती इमारत म्हणजे कोळसा संशोधनाची माक्स प्लांक संस्था. गंमत अशी, की या खोलीत कोळशावर काहीच काम चाललेलं नाही. संस्थेचे संचालक कार्ल त्सीग्लर १९४३ साली इकडे आले तेच एका बोलीवर: काय शोधायचं ते मी ठरवणार, कोळशाची सक्ती नको. ऐन महायुद्धात, रूर खोऱ्यावर बॉम्ब पडत असताना एक रसायनशास्त्रज्ञ अशी अट घालतो आणि ती मान्य होते, याचं मला अजून नवल वाटतं.

आता टेबलाजवळ या. लांबट काचेची नळी उभी आहे. तिला बगलेत एक फाटा, फाट्याला तोटी, तोटीला रबरी नळी. त्या नळीतून आर्गॉन वायू येतो आहे. टोकाला तेलाच्या बाटलीत बुडबुडे निघतायत, म्हणजे वायू वाहतो आहे. बुडबुडे थांबले की माणसं बोलणं थांबवून तिकडे पाहतात. काचेच्या नळीत पाण्यासारखा स्वच्छ, बिनरंगी द्रव आहे. नळी जरा कलली की तो पाण्यापेक्षा किंचित संथ सरकतो. वजनाला मात्र पाण्याहून हलका: लिटरभर घेतला तर साधारण ८३० ग्रॅम भरेल. उणे ४६ अंशाला गोठतो, १९० अंशांच्या आसपास उकळतो. कागदावर वाचलं तर कुठल्याही सभ्य द्रवासारखेच आकडे.

पांढऱ्या कोटातला पोरगेला संशोधक सुईने थोडा द्रव काढून घेतो. नळीचं तोंड उघडं असताना आतून आर्गॉन बाहेर ढकलला जात असतो, म्हणून हवा आत शिरत नाही. सुई बाहेर येते. तिच्या टोकाला राहिलेला थेंब आधी धुरकटतो. मग त्या टोकावर पांढरी, लोकरीसारखी पूड जमायला लागते आणि सुईचं भोक बुजतं. हा थेंब फारच लहान होता, म्हणून निभावलं. पोरगा दुसरा, जरा मोठा थेंब वाळूच्या ट्रेमध्ये सोडतो, बहुधा नव्या माणसाला दाखवायला. थेंब वाळूवर पडतो आणि पेटतो. काडी नाही, ठिणगी नाही, तापवलेलं काही नाही. वर पांढराशुभ्र धूर चढतो. तो धूर म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, पॉलिश पेपरवर असतं तेच. श्वासातून गेला तर दुसऱ्या दिवशी ताप भरल्यासारखं अंग मोडून येतं. थोडं मागे व्हा.

हाच थेंब पाण्यात पडला असता तर गोष्ट आणखी बिघडली असती. पाण्याशी त्याची गाठ पडली की स्फोटासारखा आवाज करत इथेन वायू सुटतो आणि त्याच उष्णतेने तो वायूही पेट घेतो. म्हणून या खोलीत पाण्याची बादली ठेवलेली नाही. कार्बन टेट्राक्लोराइड भरलेली, त्या काळी सर्रास भिंतीला टांगलेली आग विझवायची नळकांडी इथे तर मुळीच चालत नाहीत. त्या द्रवाशी हा इतक्या जोराने भांडतो की विझवणाऱ्यालाच धोका. कोरडी वाळू आहे, कोरडी पूड आहे, आणि दार मोकळं ठेवलेलं आहे.

याचं नाव ट्रायइथाइल ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमचा एक अणू आणि त्याला कार्बनमार्फत जोडलेले तीन इथाइल गट. तुमच्या घरातल्या पातेल्याचं ॲल्युमिनियम हवेत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि त्याला काही होत नाही, कारण त्याच्या अंगावर ऑक्साइडचा पातळ थर आधीच चढलेला असतो. इथे तसा थर नाही. प्रत्येक अणू उघडा पडलेला आहे. शिवाय त्याच्या हिशेबात तूट आहे: बाहेरच्या कक्षेत आठ इलेक्ट्रॉन हवेत, तीन गट जोडूनही सहाच भरतात. दोनांची ही तूट भरून काढायला दोन रेणू एकमेकांच्या इथाइल गटांत भागीदारी करून जोडीने राहतात, दोन कर्जबाजाऱ्यांनी एकमेकांना जामीन राहावं तसे. असा जामीन कितपत टिकणार? इलेक्ट्रॉनांची जोडी देऊ शकणारा कुणीही समोर आला, की ॲल्युमिनियम त्याला धरतो. ऑक्सिजन आणि पाणी ही जोडी घेऊन सगळीकडे हिंडत असतात. ऑक्सिजनशी जमणारा त्याचा बंध फारच मजबूत, आणि तो जमताना जी उष्णता बाहेर पडते तिनेच उरलेला भाग पेटतो.

पण इथिलीन वायूच्या दुहेरी बंधातही इलेक्ट्रॉनांची एक जोडी आहे. तीही या भुकेल्या अणूला चालते. फरक इतकाच, की इथे जाळ होत नाही. इथिलीन हळूच ॲल्युमिनियम आणि कार्बन यांच्या मधे शिरतं आणि इथाइलची शेपटी दोन कार्बनांनी लांब होते. मग दुसरं इथिलीन, मग तिसरं. म्हणजे ज्या खोडीमुळे हा द्रव हवेत पेटतो, तीच खोडी बंद भांड्यात साखळी विणते. पुढची सगळी गोष्ट या एका खोडीची आहे, आणि तिला भल्या-बुऱ्याच्या दोन रकान्यांत वाटायचा प्रयत्न मी करणार नाही, कारण वाटता येत नाही.

मधेच एक उडी, फार थोडा वेळ: लंडन, १८६५. बकटन आणि ऑडलिंग या दोघांनी हा द्रव नुकताच बनवला आहे. त्यांची पद्धत अशी: ॲल्युमिनियम घ्यायचं आणि पाऱ्याच्या सेंद्रिय संयुगाबरोबर तापवायचं. ॲल्युमिनियम तेव्हा दागिन्यांच्या मोलाचं, कारण ते विजेने स्वस्तात काढायची युक्ती निघायला अजून २१ वर्षं आहेत. पण पैशांपेक्षा महाग पडतो तो पारा. याच सुमारास सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत डायमिथाइल मर्क्युरीवर काम करणारे दोन सहायक त्या विषाने गेले. एक काही आठवड्यांत, दुसरा खितपत पडून वर्षभराने. पेटणारा द्रव निदान धूर सोडून सांगतो तरी. पाऱ्याचं ते संयुग चिडीचूप. आपण इथे थांबायला नको.

परत म्युलहाइम. त्सीग्लर आता ५५ व्या वर्षाच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथिलीनची ही वाढती शेपटी पुरती अभ्यासली आहे: शंभर-सव्वाशे अंश तापमान, शंभरेक वातावरणांचा दाब, जाड पोलादी ऑटोक्लेव्ह, आणि आत ट्रायइथाइल ॲल्युमिनियम. वीसेक कार्बनांपर्यंत साखळ्या नीट वाढतात. (अशा साखळ्यांपासून डिटर्जंटसाठी लागणारी अल्कोहोलं बनवणारे कारखाने पुढे उभे राहिले; तुमच्या कपड्यांच्या पावडरीच्या वंशावळीत हे भांडं आहे.) त्याहून लांब मात्र जमत नाही. साखळी मधेच सुटते आणि ॲल्युमिनियम नव्याने सुरुवात करतं.

मग एर्हार्ट होल्त्सकाम्प या विद्यार्थ्याच्या हातून विचित्रच घडलं. नेहमीचाच प्रयोग, नेहमीचंच भांडं, पण लांब साखळ्यांचा पत्ताच नाही. सगळं इथिलीन दोन-दोनच्या जोडीने ब्यूटिन होऊन बसलेलं. साखळी एका घासातच तुटत होती. दुसरा कुणी असता तर भांडं घासून प्रयोग पुन्हा लावला असता. इथे कारण शोधण्यात महिने घातले गेले. शेवटी सापडलं ते निकेल. स्टेनलेस पोलादात निकेल असतं, भांडं साफ करताना त्याचा सुईच्या अग्राएवढा अंश मोकळा झाला होता आणि तेवढ्याने सगळा खेळ बदलला होता. तुम्ही त्या भांड्याच्या आत डोकावलात तर काही दिसणार नाही. चकचकीत भिंत, बस. त्सीग्लर यांचं मोठेपण मला इथे दिसतं. त्यांनी उलटा प्रश्न विचारला: एक धातू साखळी लवकर तोडतो, तर दुसरा एखादा ती लांबवत असेल का?

हाइन्त्स ब्राइल या दुसऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला ते काम आलं. आवर्तसारणी घ्या, एकेका धातूचा क्षार घ्या, थोड्या ट्रायइथाइल ॲल्युमिनियमसोबत भांड्यात टाका, इथिलीन सोडा, बंद करा, तापवा, उघडा, पाहा. हे काम किती कंटाळवाणं असतं ते करणाऱ्यालाच ठाऊक. बहुतेक धातूंनी काहीच केलं नाही. मग झिर्कोनियमची पाळी आली आणि भांडं उघडलं तेव्हा आत पांढरा घट्ट गोळा ठासून भरलेला होता. पॉलिथिलीन.

आणि आज, या ऑक्टोबरच्या शेवटी, हाइन्त्स मार्टिन यांच्या टेबलावर पोलादी भांडंच नाही. आहे ती काचेची बरणी, जर्मन घरांत फळं टिकवून ठेवायला वापरतात तशी. हिच्याकडे नीट पाहा, कारण तुमच्या पुढच्या आयुष्यातल्या कितीतरी वस्तू इथून निघणार आहेत.

बरणीत दोन लिटर पेट्रोलसारखा द्रव आहे, हवा काढून टाकलेला. त्यात दोन गोष्टी ओतल्या जातात: आपला ट्रायइथाइल ॲल्युमिनियम, आणि टायटॅनियम टेट्राक्लोराइड. हा दुसराही काही साधा नव्हे. ओलसर हवेत त्याचे इतके दाट पांढरे लोट उठतात की लढाईत धुराचा पडदा करायला तो वापरला गेला आहे. दोघं भेटताच बरणीतला द्रव क्षणात तपकिरी, जवळजवळ काळा होतो. नळीतून इथिलीन सोडलं जातं. दाब? खोलीत आहे तेवढाच. तापमान? बरणीला हात लावला तर कोमट लागेल, पण तुमचा हात खिशात आहे. द्रव वायू पिऊ लागतो. तासाभरात तीनशे-चारशे लिटर वायू त्या दोन लिटरांत नाहीसा होतो आणि बरणीतला ऐवज दाट होत होत कणकेसारखा घट्ट होतो. ढवळणारी दांडी अडखळते. मग त्यात थोडं अल्कोहोल घालतात आणि आता मुद्दाम हवा सोडतात. तपकिरी रंग उडतो. काळसर चिखलातून बर्फासारखी पांढरी पूड वर येते. गाळून वाळवली की तीनशे ते पाचशे ग्रॅम.

यात विशेष काय, असं तुम्ही म्हणाल, पॉलिथिलीन तर आधीच माहीत होतं. होतं खरं. इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीत १९३३ साली ते अपघाताने सापडलं, आणि महायुद्धात रडारच्या तारांवरचं वेष्टन म्हणून त्याने मोठं काम केलं. पण ते बनवायला हजार-दोन हजार वातावरणांचा दाब लागायचा. तोफेच्या नळीसारखी जाड भांडी, आणि तरी निघणारी साखळी फांद्याफांद्यांची, म्हणून माल मऊ. कढत पाणी ओतलं तर अंग टाकणारा. या बरणीतली साखळी सरळ आहे. सरळ साखळ्या एकमेकींना लागून घट्ट बसतात, त्यामुळे माल ताठ आणि तो वितळतो १३० अंशांच्याही वर. उकळत्या पाण्यात टिकणारं पॉलिथिलीन जॅमच्या बरणीत, खोलीच्या दाबाला! नोव्हेंबरात पेटंटचा अर्ज गेला. पुढच्या मार्चमध्ये मिलानला जूल्यो नाट्टा यांनी याच जातीच्या मिश्रणाने प्रॉपिलीनची शिस्तशीर साखळी विणून दाखवली आणि १९६३ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं. त्या दोघांतल्या पेटंटांच्या भांडणात मी तुम्हाला नेत नाही, फार लांबेल.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी, कारण ती नेहमी राहून जाते. बरणीची युक्ती निघाली तरी ट्रायइथाइल ॲल्युमिनियम टनावारी आणायचं कुठून? ते त्सीग्लर यांच्या गटानेच सोडवलं: ॲल्युमिनियमची पूड, हायड्रोजन आणि इथिलीन, दाबाखाली, थेट. पाऱ्याचं नाव नाही. काचेच्या नळीतला नमुना त्यानंतर पोलादी सिलिंडरांत भरून जगभर जाऊ लागला.

त्या सिलिंडरांमागून तुम्ही ठाणे-बेलापूर रस्त्यावर येता. एका बाजूला खाडी आणि मिठागरं, दुसरीकडे पारसिकचा डोंगर. १९६८ साली या पट्ट्यात नॉसिल कंपनीचा नाफ्ता फोडणारा कारखाना आणि त्याच्या इथिलीनवर चालणारा पॉलिओलेफिन्स इंडस्ट्रीजचा कारखाना सुरू झाला. जर्मनीच्या होएख्स्ट कंपनीचं तंत्र, म्हणजे म्युलहाइमच्या बरणीचंच मोठं रूप. देशातलं पहिलं ताठ पॉलिथिलीन इथलं.

तुम्ही येता ते मात्र पावसाळ्यात, मुद्दाम. जुलैची दुपार. खाडीवरून येणारी हवा पिळून काढावी इतकी ओली. सदरा पाठीला चिकटलेला. म्युलहाइममध्ये हवेतला ऑक्सिजन हा एक वैरी होता. इथे दुसराही तितकाच हजर आहे. नळ ओला, हातमोजे ओले, पान्याला पाण्याचे थेंब. म्हणून या द्रवाच्या प्रत्येक पाइपात कोरडा नायट्रोजन दाबून भरलेला, आणि कुठलाही जोड उघडायच्या आधी आतला माल तेलाने धुऊन काढायचा नियम. हेक्झेनमध्ये दहा-बारा टक्क्यांच्या खाली पातळ केला तर तो आपणहून पेटत नाही, हे खरं. पण मूळचा, अख्खा माल कुठेतरी असतोच. कारखान्यातली माणसं त्याचं लांबलचक नाव घेत नाहीत. इंग्रजी आद्याक्षरांवरून झालेलं ‘टील’ एवढंच म्हणतात, आणि ते म्हणताना आवाज जरा उतरतो असं मला नेहमी वाटत आलं आहे.

आणि कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला, या सगळ्यापासून पूर्ण बेफिकीर असा माल बाहेर पडत असतो: दाणे. पांढरे, मुगाएवढे. त्यांच्या बादल्या होतील, क्रेट होतील, पाइप होतील, आणि घागरी. पितळी हंडा डोक्यावर घेऊन टेकाड चढलेल्या बाईला प्लास्टिकची घागर म्हणजे काय, हे विचारून पाहा. रिकाम्या हंड्याचंच वजन इतकं, की पाण्याआधी भांड्याचीच मजुरी. दुष्काळी गावात टँकर आला की रांगेत लागलेल्या निळ्या-पिवळ्या घागरी तुम्ही फोटोत पाहिल्या असतील. त्यांच्या अंगात आजही ॲल्युमिनियमचा अंश आहे, लाखात-दहा लाखांत मोजावा इतका थोडा. साखळी विणून झाली, मग त्याला हवा-पाणी लागू दिलं, तो निवला आणि तिथेच राहिला. प्लास्टिकच्या कचऱ्याबद्दल बोलायला हरकत नाही, मीही बोलतो. पण घागरीबद्दल बोलताना मला जीभ आवरावी लागते.

वर्षभर पुढे. १६ जुलै १९६९, फ्लोरिडा, सकाळचे साडेनऊ. बाकीचे लोक मैलोनमैल लांबून दुर्बिणी लावून पाहतायत. तुम्हाला इंजिनाच्या आत नेतो.

सॅटर्न ५ च्या पहिल्या टप्प्याला एफ-१ जातीची पाच इंजिनं आहेत. इंधन म्हणजे शुद्ध केलेलं रॉकेल, जाळायला द्रवरूप ऑक्सिजन. दोन्ही टनांनी कोसळणार, पण रॉकेल आणि ऑक्सिजन नुसते भेटून पेटत नाहीत. कुणीतरी काडी लावायला हवी. आणि ती अशी, की ओढली आणि विझली असं होताच कामा नये. क्षणभर उशीर झाला तर न जळलेलं मिश्रण साठेल आणि मग जे होईल तो स्फोट. म्हणून रॉकेलच्या वाटेत एक बंद कुपी बसवलेली आहे. तिच्यात बहुतांश ट्रायइथाइल बोरेन आणि दहा-पंधरा टक्के आपला ट्रायइथाइल ॲल्युमिनियम. दोन्हीकडे धातूचा पातळ पडदा.

उड्डाणाला नऊ सेकंद उरले आहेत. ऑक्सिजन आधीच कक्षात उतरू लागला आहे, उणे १८३ अंशांचा. पंप फिरतो, रॉकेलचा दाब वाढतो, पडदे फाटतात. कुपीतला द्रव रॉकेलच्या पुढे धावत कक्षात शिरतो आणि ऑक्सिजनला भेटतो. विचार करायला तिथे वेळच नाही. बोरॉनमुळे ज्वालेला हिरवी झाक येते, पाठोपाठ रॉकेल पोचतं आणि मग ते हिरवं कुणाला दिसत नाही. आधी मधलं इंजिन, मग समोरासमोरच्या जोड्या. साडेतीन हजार टनांच्या आसपास ताकदीचा तो रेटा सुरू करून दिला त्या द्रवाने, ज्याने म्युलहाइममध्ये सुईचं भोक बुजवलं होतं. ऑक्सिजन दिसला की पेटायचंच, ही खोडी इथे भरवशाची ठरते. भरवसा हवा तर साठाही पुरेसा हवा: फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पेसएक्सच्या फाल्कन हेवीचा मधला टप्पा परत उतरताना त्याच्या बाहेरच्या दोन इंजिनांसाठी हेच मिश्रण संपलं होतं. इंजिनं पेटली नाहीत आणि तो टप्पा तरंगत्या फलाटाच्या बाजूला समुद्रात आपटला.

व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी लष्कराने याच द्रवात पॉलिआयसोब्यूटिलीन मिसळून तो चिकट केला आणि खांद्यावरून डागायच्या चार नळ्यांच्या अस्त्रात भरला. चिकट कशासाठी, ते सांगायला नको. तिथे मी तुम्हाला नेणार नाही.

त्याऐवजी तमिळनाडूत, तिरुनेलवेली जिल्ह्यातल्या महेंद्रगिरीला चला. तारीख २ मे २०२४. इस्रोच्या चाचणी केंद्रात रॉकेल आणि द्रव ऑक्सिजनवर चालणाऱ्या नव्या इंजिनाचा फक्त एक भाग, त्याचा प्रीबर्नर, पेटवून पाहायचा आहे. इस्रोचं जुनं विकास इंजिन या फंदात कधी पडलं नाही, कारण त्यातली दोन द्रव्यं भेटताच आपणहून पेटतात. रॉकेलला मात्र कुपी लागते. ती तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई केंद्रात तयार झाली. ट्रायइथाइल ॲल्युमिनियम आणि ट्रायइथाइल बोरेनचं मिश्रण इस्रोने पहिल्यांदाच वापरलं. ते ठरल्याप्रमाणे पेटलं. पुढच्या मार्चमध्ये अडीच सेकंदांची मोठी चाचणी झाली. अडीच सेकंदांसाठी वर्षानुवर्षं खपणाऱ्यांना काय वाटत असेल, याचा अंदाज बांधायला बाहेरच्याने जाऊ नये.

शेवटी आजच्या काळात, रायगड जिल्ह्यातल्या एका कारखान्यात. नाव विचारू नका. रात्रपाळी, पाऊस नुकताच थांबलेला. तुम्ही टीलच्या शेडपासून बऱ्याच अंतरावर, पिवळ्या पट्ट्याच्या मागे आहात.

दुपारी उघडून पुन्हा बसवलेल्या एका जोडाजवळ पांढरा धूर दिसतो. आधी सिगारेटच्या धुराएवढा, मग खालच्या ट्रेमध्ये थेंब पडून ज्वाळा. कंट्रोल रूममधून झडप बंद होते. लाइनमध्ये राहिला तेवढाच माल आता गळणार. चंदेरी सूट चढवलेले दोघं पावडरचं नळकांडं ओढत पुढे येतात. ॲल्युमिनियमच्या आगीला सामोरं जायला अंगावर ॲल्युमिनियमचाच मुलामा. नवीन लागलेला एक पोरगा सवयीने पाण्याच्या होजकडे धावतो.

“पाणी नको रे! सोड ते!” शिफ्ट इनचार्ज ओरडतात. मग तितक्याच मोठ्याने, “पण अंगावर उडालं तर पहिलं शॉवरखाली जायचं, तिथं पाणीच पाहिजे. कळलं का?”

दोन्ही खरं आहे. साठलेल्या द्रवावर पाणी मारलं तर भडका उडतो. पण कातडीवर पडलेला थेंब खोलवर भाजत जातो, आणि तिथे धो-धो पाणीच उष्णता आणि द्रव दोन्ही वाहून नेतं. अंगावर थोडं पाणी वाईट, भरपूर पाणी बरं. नवख्याच्या डोक्यात हे दोन नियम एकत्र बसायला वेळ लागतो, आणि आग तेवढा वेळ देत नाही. म्हणून तर दर महिन्याला तालीम.

पावडरचा ढग ट्रेवर बसतो. ज्वाळा दिसेनाशा होतात. वर कोरड्या व्हर्मिक्युलाइटची पोती रिकामी होतात. सगळं राखाडी, शांत. विझली, असं तुम्हाला वाटतं आणि तुम्ही नकळत पट्ट्याच्या पुढे पाऊल टाकता.

“अहो पाहुणे, मागं व्हा,” चंदेरी टोपीच्या आतून आवाज येतो. “वर नुसती साय धरलीय. खाली माल तसाच आहे.”

आणि मग तो लांब दांडीने त्या राखाडी थराला जरासं टोचून दाखवतो. भेगेतून पांढरा धूर, धुरामागून बोटभर ज्योत. पुन्हा एक फावडं व्हर्मिक्युलाइट. तो थर आता कुणी मोडायचा नाही. खालचा माल हळूहळू संपेल किंवा सकाळी तेल घालून, पातळ करून, नायट्रोजनखाली काढला जाईल. इनचार्ज रजिस्टरात वेळ लिहितात, जोडाचा नंबर लिहितात आणि खाली एक ओळ: ट्रेला हात लावू नये. मग पहिल्या पाळीच्या माणसाला फोन लावतात, कारण लिहिलेलं सगळेच वाचतात असं नाही.